ठेवीचे मासे आणि खानावळीचं मांजर

श्रावण लागला की लोकांना म्हणे बेलाचा, तेरड्याचा, ओल्या मातीचा वास येतो. मला भाजलेल्या सुक्या बोंबलाचा येतो. हे मी चारचौघांत बोलत नाही. महिनाभर कांदासुद्धा न चिरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात असलं बोललं तर पुढच्या मंगळागौरीला आमंत्रण यायचं नाही. पण वास कुणाच्या परवानगीने येतो थोडाच? तो येतो, आणि त्याच्या मागोमाग आमची काळाचौकीची खोली येते, चौदा माणसांचा भात शिजेल एवढा टोप येतो, आणि त्या टोपाशेजारी पाय पोटाशी घेऊन बसलेली मंगळा येते.

यंदा तो वास जरा लवकरच आला, कारण माझ्या लेकीचा फोन आला. लेक लालबागला राहते, सव्विसाव्या मजल्यावर. घरात आधीच एक मांजर आहे, पांढरं, झुबकेदार शेपटीचं, नवऱ्यापेक्षा जास्त लाडाचं. आता जावयाने काचेची मोठी टाकी आणली, आत निळे दिवे, खोटं गवत, आणि मासे. मांजर त्या दिवसापासून टाकीसमोरून हलेना. लेकीने मोबाइलवर काय काय वाचून काढलं आणि शेवटी मला विचारलं, आई, हे दोघं एका घरात राहतील का गं? मी म्हटलं, राहतील की. माणसं राहतात, मग मासे आणि मांजर का नाही राहणार? ती म्हणाली, आई, तू कधी सरळ उत्तर देतेस का? नाही देत. पण तिला काय सांगायचं ते माझ्याकडे होतं, फक्त फोनवर मावणारं नव्हतं.

ते संपाचं पहिलं वर्ष. गिरण्या बंद होऊन काही महिने झाले होते. बाबा साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. त्यांना मी तोवर दिवसा उजेडी नीट पाहिलंच नव्हतं. रातपाळी असली की दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलेले, दुपारपाळी असली की मी शाळेतून यायच्या आत गेलेले. आमच्या खोलीला बाबा म्हणजे खुंटीवरचा शर्ट आणि तोंडावरून घेतलेली चादर एवढेच ठाऊक होते. आणि संपात अचानक ते आख्खेच्या आख्खे घरात आले. सकाळी आहेत, दुपारी आहेत, तिन्हीसांजेला आहेत. एवढ्याशा खोलीत पाय ठेवायचे कुठे हे त्यांना कळेना, आणि त्यांना ठेवायचं कुठे हे आईला.

आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी वगैरे लावलेली नव्हे. गावाकडून एकटे आलेले गिरणीतले लोक शेजारच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. सोमवार आणि गुरुवार सोडला तर रोज मासळी. बांगडा, सौंदाळे, पेडवे, जे काय पारूबाय कोळीण टोपलीत घालून आणील ते. आई विळीवर बसली की तिच्या डाव्या अंगाला मंगळा बसायची. मुंडकी, शेपट्या, पोटातलं सगळं मंगळेचं. चौदा जणांच्या मासळीची मुंडकी खाऊन ती अशी काही गुबगुबीत झाली होती की चाळीतले बोके तिला वाट सोडून द्यायचे. ती मंगळवारी आली म्हणून मंगळा. आई तिला 'आमची मुकादमीण' म्हणायची. कारण जेवणारी मंडळी बसली की ही पंगतीच्या टोकाशी बसून एकेकाच्या ताटावर नजर ठेवायची.

संप लांबला तशी पंगत आखूड होत गेली. एक जण गावी गेला, मग दोघे, मग भावकीतले सगळेच. इथे बसून खायचं काय, त्यापेक्षा पेरणीला हात लागेल, असं म्हणत गेले. आईचा मोठा टोप फळीवर चढला तो उतरेना. भात शिजवताना तिचा हात चुकायचा. सवयीने जास्त तांदूळ घ्यायची आणि मग मूठमूठ परत डब्यात टाकायची. ते बघवायचं नाही.

शेवटी उरलेला वासूकाका. बाबांच्या शेजारच्या साच्यावर काम करायचा. साचा म्हणजे माग. शेजारच्या मागावरचा माणूस म्हणजे काय असतं हे गिरणीत न गेलेल्याला सांगून कळायचं नाही. यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा दोघं ओठांवरून बोलायचे, भुवईने हसायचे. घरी आले तरी तसेच. आई म्हणायची, ह्या दोघांचं काय चाललंय ते देवालाही ऐकू जात नाही. आणि ह्या वासूकाकाला एक वेड होतं. त्याने फोर्टातल्या कुठल्याशा हापिसात माशांची काचपेटी पाहिली आणि तो खुळावला. लोखंडी पट्ट्यांची, फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून काचा बसवलेली एक टाकी त्याने पैदा केली आणि त्या वीस माणसांच्या खोलीत, आपल्या ट्रंकेवर ठेवली. आत लाल-सोनेरी गोल्डफिश, दोन काळ्या मोली, आणि एक चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा एंजल. लोक म्हणायचे, वासू, कालवण कधी करतंस? तो हसायचा. मालवणी माणसाने मासा नुसता बघायला पाळावा ही आमच्याकडे वेडाचीच गोष्ट होती.

तो वासूकाका आषाढात एका सकाळी टाकी घेऊन आमच्या दारात उभा. एका बाजूने त्याने धरलेली, दुसऱ्या बाजूने बाबांनी. निम्मं पाणी वाटेत सांडलेलं. तो गावी निघाला होता. बाबांना म्हणाला, "संप मिटलो की येतलंय. तवसर ह्यांका सांभाळ." बस, एवढंच. बाबांनी मान हलवली आणि टाकी खानावळीच्या लांब बाकड्यावर ठेवली. ज्यावर बसून माणसं जेवायची ते बाकडं आता तसंही रिकामंच होतं.

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालं. मी गंमत म्हणून म्हणत नाही. ते सकाळी उठून आधी टाकीशी जायचे. वासूकाकाने सांगितलं होतं की नळाचं पाणी ताजं घालायचं नाही, त्यात औषध असतं, एक दिवस ठेवून मग घालायचं. बाबा ते शास्त्र खोलीत रोज मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि पाणी बदलायचे. मागल्या अंगणातल्या फुटक्या पिंपातून डासांच्या अळ्या गाळून आणून माशांना घालायचे. पाण्यात हवा खेळावी म्हणून तांब्याने पाणी वर घेऊन घेऊन ओतत बसायचे. संपाच्या सभेला जाऊन आले की काय झालं ते आईला सांगायचे नाहीत, टाकीशेजारी बसून राहायचे. मला एकदा म्हणाले, वासू येईल तेव्हा मासे जसेच्या तसे दिसले पाहिजेत. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, पण एवढं मला कळलं की बाबांच्या डोक्यात गाठ बसली आहे. मासे जगले तर वासू येणार. वासू येणार म्हणजे गिरणी सुरू होणार. मासे मेले तर काय, हे ते बोलत नव्हते.

आणि त्या माशांच्या समोर, जमिनीवर, मंगळा.

सुरुवातीला ती नुसती बघायची. तिला कळतच नसावं की जे ताटाखाली पडतं ते भिंतीशी असं उभं पोहतं कसं. मग एक दिवस तिने काचेला पंजा लावून पाहिला. मग बाकड्यावर चढून टाकीतलं पाणी प्याली. बाबांचा जीव खालीवर. मग तो पारूबायचा जाळ्याचा प्रकार झाला. पारूबाय पावसात सुकी मासळी विकायची, होड्या नारळीपौर्णिमेपर्यंत निघत नाहीत म्हणून. ती दारात टेकली होती, बाबांची तगमग तिने पाहिली आणि दुसऱ्या खेपेला तिने घरून जुन्या जाळ्याचा एक तुकडा आणून दिला. तिला आणि बाबांना दोघांनाही ते फार पटलं. जाळं म्हटलं की मासा सुरक्षित, असा हिशोब मासे पकडणाऱ्यांच्या घरातल्या बाईने आणि आयुष्यभर सूत बांधणाऱ्या माणसाने मिळून केला. मांजराच्या बाजूने कुणी विचार केला नाही. बाबांनी ते जाळं टाकीच्या तोंडावर ताणलं आणि चारी कोपऱ्यांना, कडेकडेने, आपल्या साच्यावरच्या गाठी मारल्या. तुटलेला धागा सांधायची ती गाठ, ओढाल तशी घट्ट होणारी. कित्येक महिन्यांनी त्यांची बोटं त्या वेगाने चालली. आई चुलीपाशी बसून बघत होती. मग बाबांनी जाहीर केलं की एवढं करूनही एक मासा जरी गेला तरी मांजर गोणपाटात घालून भाऊच्या धक्क्यावर सोडून येणार. तिथे मासळी भरपूर, मांजरंही भरपूर, मरणार नाही.

आई उठून भांडी घासायला गेली. ती रागावली की भांडी घासायची, स्वच्छ असली तरी.

मला रडू आलं होतं. मंगळा माझ्या पायाशी झोपायची. धक्क्यावरची मांजरं मी पाहिली होती, एका डोळ्याची, कान तुटकी. तिथे आमची मुकादमीण दोन दिवस टिकली नसती.  तेव्हा वडलांशी वाद घालायची पद्धत नव्हती. आणि खरं सांगायचं तर बाबांचा तो चेहरा बघून वाद घालवलाही नसता. आईकडे जाऊन मुसमुसले तर ती म्हणाली, जा, अभ्यास कर.

गटारी अमावास्येला आईने कुठून तरी थोडे बांगडे आणून केले. मंगळेला मुंडकी मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

आता इथे आमची जी चूक झाली ती आमच्यासारख्यांनीच करावी. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद म्हणजे बंद. विळी धुऊन, चिंचेने घासून, उलटी करून ठेवायची. सुकं जे काय असेल ते डब्यात, डबा फडक्यात, फडकं फळीवर. घरातल्या प्रत्येक जिवाला श्रावण लागू, कुणी विचारतसुद्धा नाही. इतर वर्षी मंगळेचं भागायचं, कारण चौदांतले दोनचार तरी श्रावण न पाळणारे असायचे, तिच्यासाठी कुठून तरी काटा यायचा. ह्या वर्षी पंगतच नाही. आम्ही तिला आमच्यासारखं केलं, वरणभात घातला. ताकभात घातला. एका सोमवारी आईने साबुदाणासुद्धा ठेवला तिच्यापुढे. तिने वास घेतला आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला लाजच वाटली. बाबा म्हणाले, बघा, माज आलाय. आणि वर तिच्या नाकासमोर, बाकड्यावर, दिवसभर लालसोनेरी मासळी फिरतेय.

लेकीला मी फोनवर हेच आधी सांगितलं. म्हटलं, तुझ्या त्या झुबक्याचं पोट आधी भर, मग माशांना खायला घाल. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, भूक लागलेलं मांजर आणि उघडा मासा एकटे ठेवून जायचं नाही. ती म्हणाली, अगं पण भरल्या पोटीसुद्धा ते खेळतंच ना. बरोबर बोलली. मांजर भुकेसाठी एकदा आणि गंमतीसाठी दहादा पंजा मारतं. म्हणून झाकण हवंच, पण असं की त्यात नखं अडकणार नाहीत, वरून बसलं तरी आत जाणार नाही आणि हवा मात्र खेळेल. टाकी डुगडुगत्या स्टुलावर नको, भिंतीशी, जड, चारी पाय टेकलेल्या टेबलावर. शेजारी खुर्ची नको, वायरी लोंबकळत्या नकोत. पाण्यात औषध टाकलं असेल तर मांजराला ते पिऊ द्यायचं नाही, त्याला स्वतःचं पाणी वेगळं, रोज ताजं. ती म्हणाली, आई तुला हे सगळं कसं माहीत? मी म्हटलं, आमच्याकडे ह्यातलं एकही नव्हतं, म्हणून माहीत.

तो श्रावणातला सोमवार होता. शाळा अर्धी. बाबा गिरणीच्या गेटवर सभेला गेले होते. आई नळावर, कारण त्या दिवशी पाणी उशिरा आलं. मी दप्तर पाठीवर घेऊन जिना चढत होते तेवढ्यात वरून आवाज आला. काच फुटल्याचा, मग पाणी सांडल्याचा, मग असा एक आवाज की मला वाटलं कुणाचं तान्हं पोर पडलं. मी धावत गेले तर खोलीच्या मधोमध पाणी, काचा, लोखंडी चौकट आडवी पडलेली, बाकडं कलंडलेलं. आणि जाळ्यात गुरफटलेली मंगळा. तिचं पुढच्या पायाचं नख जाळ्यात अडकलं असणार, तिने ओढलं, गाठी आवळल्या, मग तिने सगळ्या जिवानिशी ओढलं, तर टाकीच खाली आली. तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर गोल्डफिश तडफडत होता. आणि तिचं त्याच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. ती थरथर कापत होती.

मागून आई आली, कडेवर भरलेली घागर. ती दारात क्षणभर थांबली. मला आता वाटतं तेव्हा तिने मनात काय काय जोडलं असेल. सोमवार, उपास, मासळी, नवऱ्याची ठेव, मांजर. तिने घागर बाजूला ठेवली. फळीवरून तो मोठा टोप खाली ओढला. कोपऱ्यातल्या पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने त्यात ओतलं आणि गुडघ्यावर बसून, काचांतून, हाताने एकेक मासा उचलून त्यात सोडला. श्रावणी सोमवारी, निर्जळी उपासात, माझ्या आईने मासळीला हात लावला. तिला असं करताना मी कधीही पाहिलं नव्हतं. एंजल काचेने चिरला गेला होता, तो हलला नाही. बाकीचे आडवे झाले, मग हळूहळू सरळ झाले. आईच्या तळव्यातून रक्त येत होतं. मी मंगळेचं जाळं सुरीने कापायला गेले तर तिने मलाच ओरबाडलं.

बाबा आले ते तशातच. त्यांनी आधी टोपात पाहिलं, मग एंजलला पाहिलं. मग बाकड्याखालून गोणपाट काढलं.  पण मंगळा जाळ्यात होती, जाळं चौकटीला बांधलेलं होतं, आणि गाठी त्यांच्याच हातच्या. त्या दुसऱ्या कुणाला सुटणाऱ्या नव्हत्या. बाबा मांडी घालून बसले, चष्मा घातला, मांजर जाळ्यासकट मांडीत घेतलं आणि एकेक गाठ सोडवू लागले. तिने त्यांच्या मनगटावर नखं मारली. त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिला धरून ठेवलं, पाठीवरून, पोटाखालून. आणि त्यांचा तो हात थांबला. मला म्हणाले, "गो, हिचे बरगडे लागतत हाताक."

खरंच बरगड्या लागत होत्या. केसांखाली कुणाला दिसत नव्हत्या.

आई मोरीजवळ हाताला हळद लावत उभी होती. तिने बाबांकडे न बघता म्हटलं, "देवाचो उपास आपलो. ह्या मुक्या जनावरान कोणाचो उपास धरूचो?"

 बाबांनी शेवटची गाठ सोडवली. मंगळा उठून पळाली नाही, तिथेच त्यांच्या मांडीत बसून पंजा चाटत राहिली. मग बाबांनी विचारलं की मासे कुठल्या पाण्यात ठेवलेत. आई म्हणाली, कालच्या. आणखी काय विचारायचं होतं? इतके दिवस ते टाकीपाशी बसून पाण्याचं शास्त्र म्हणत होते, आणि आई भांडी घासत होती, आणि त्यांना वाटत होतं कुणी ऐकत नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी गोणपाट घेतलं आणि त्यानेच जमिनीवरचं पाणी पुसायला लागले.

संध्याकाळी उपास सोडायच्या वेळेला आईने फळीवरचा डबा काढला. घरातल्या चुलीवर नाही, बाहेर गॅलरीत तिने छोटी शेगडी पेटवली आणि दोन सुके बोंबील निखाऱ्यावर टाकले. श्रावणी सोमवारी! तो वास मजल्यावरून मजल्यावर गेला. दारं उघडली. कुणी म्हणालं, संपाने बाई बिघडली. कुणी म्हणालं, धर्म बुडवून बाटली की काय. शेजारची आत्या कमरेवर हात ठेवून विचारायला आली की काय गो, घरात कोण आजारी? आई म्हणाली, कोण नाय, मांजराचो श्रावण सुटलो. आणि बोंबील थंड करून, काटे काढून, तिने मंगळेपुढे ठेवले. मग स्नान करून, देवापुढे दिवा लावून, स्वतः वरणभात जेवली. त्या महिन्यात रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत तो वास येत होता. आत्या सुरुवातीला नाक धरायची. नारळीपौर्णिमेच्या आधी ती स्वतः एक सुकी मासळी पदराआड आणून देऊन गेली. म्हणाली, माझ्याकडे उरली आहे, नाहीतरी उंदीर नेतील.

काचेची टाकी पुन्हा झाली नाही. मासे त्या टोपात राहिले, चौदा माणसांच्या भाताच्या टोपात. त्यावर आईने तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घातली आणि रोवळीवर वरवंटा. हवा आत जाते, पंजा जात नाही, आणि टोप इतका जड की दोन माणसांना हलत नाही. पारूबायने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला, म्हणाली, हे आधी का नाही सुचलं रे देवा. मंगळा पोटभर खाऊन त्या वरवंट्याशेजारी ऊन घेत झोपायची. कधी रोवळीच्या फटीतून डोकवायची, नाही असं नाही. जात्याच मांजर ती. पण मग बाबा नुसतं 'हं' म्हणायचे आणि ती तोंड फिरवायची.

टोपातले मासे बाजूने दिसत नाहीत, फक्त वरून, पाठी दिसतात. बाबा रोवळी बाजूला करून तासन् तास त्या पाठी बघायचे. आता आईही कधी भात चढवल्यावर येऊन बसायची. बोलायचे काय तर फारसं काही नाही. कुठल्या मोलीचं पोट मोठं दिसतंय, कुठला गोल्डफिश फिकट पडलाय. बारा वर्षांच्या लग्नात त्यांना मी असं दिवसाढवळ्या शेजारी शेजारी बसलेलं पहिल्यांदा पाहत होते. संप होता, घरात काही नव्हतं, पुढे काय हे माहीत नव्हतं, आणि तरी मला त्या दिवसांची आठवण आली की बरं वाटतं. हे असं वाटणं बरोबर का चूक, मी ठरवत बसत नाही.

लेकीच्या खिडकीतून खाली जिथे गिरणीचं धुराडं होतं तिथे आता पोहण्याचा तलाव दिसतो. निळा, चौकोनी. तिने मला तो कौतुकाने दाखवला. मी म्हटलं, छान आहे. माझ्या मनात काय आलं ते तिला सांगितलं नाही. सगळ्याच गोष्टी सांगून लेकीच्या नव्या घराचा आनंद का घालवायचा?

वासूकाका भातकापणी झाल्यावर आला. दिवाळी होऊन गेली होती. डोक्यावर नव्या तांदळाची पिशवी, हातात आमसुलं. रापून काळा झालेला, दाढी वाढलेली, पण हात बरे दिसत होते, शेतावरचे. संप मिटलेला नव्हता. तो गावकऱ्यांच्या खोलीतली आपली ट्रंक न्यायला आला होता. बाबांनी त्याला पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाही. हाताला धरून टोपाशी नेलं, वरवंटा उचलला, रोवळी काढली. टाकी फुटली ते सांगितलं, एंजल गेला ते सांगितलं, त्याबद्दल दोनदा वाईट वाटलं म्हणाले. मग एकेक पाठ दाखवत गेले, हा तो, ही ती. एका मोलीला पिल्लं झाली होती. टाचणीच्या डोक्याएवढी, कडेकडेने फिरणारी.

वासूकाका वाकून बघत राहिला. मग खाली बसला. मंगळा त्याच्या पायाशी आली, त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. मग तो म्हणाला, "बाबल्या, मी परत येवचंय नाय ता माका तेव्हाच म्हायत होता. तुझ्या तोंडार सांगाक धीर होयना, म्हणान मासे ठेवन गेलंय."

आईने चहा गाळला. बाबांनी मान हलवली, जशी तो टाकी ठेवून गेला तेव्हा हलवली होती तशी. रागावले नाहीत. दोघं चहा प्यायले. ओठांवरून काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. बाबा त्याला ट्रंकेसकट एसटीपर्यंत सोडून आले.

आल्यावर त्यांनी शर्ट खुंटीला लावला, बनियनवर टोपापाशी बसले आणि तांब्याने जुनं पाणी काढायला सुरुवात केली. मला वाटलं आता हे मासे कुणाला तरी देऊन टाकणार. मला ते बघवेना. मी म्हटलं, बाबा, वासूकाका तर आता येणारच नाहीत, मग आता हे कुणासाठी?

बाबांनी पिंपातलं कालचं पाणी तांब्यात घेतलं, उंचावरून, हवा खेळेल असं, हळूहळू टोपात सोडलं. पिल्लं कडेला पांगली आणि परत गोळा झाली.

"कोण येवचो नाय," ते म्हणाले, "ता तेंका खंय म्हायत?"